तुझं माझं जमेना: जुने स्क्रूबॉल पिक्चर पहिल्यांदा बघणार असाल तर

माझी सुरुवातच चुकली होती. कोणीतरी सांगितलं की 'ब्रिंगिंग अप बेबी' म्हणजे स्क्रूबॉलचा, म्हणजे जुन्या हॉलिवूडच्या चक्रम प्रेमाच्या विनोदी पिक्चरांचा बाप, बघच, म्हणून एका रविवारी जेवून आडवा पडलो आणि मोबाइलवर लावला, तर अर्ध्या तासात डोकं उठलं. बाई एक सेकंद गप्प बसत नाही, त्या बिचाऱ्या शास्त्रज्ञाची गाडी पळवून नेते, कोट फाडते, मग म्हणे तिच्या घरात बिबट्या. बंद केला. पुढची दोन वर्षं ब्लॅक अँड व्हाइट विनोदी पिक्चर म्हटलं की मी हात जोडायचो. नंतर मावशीच्या नादानं परत लागलो आणि आता असं झालंय की लोकांना धरून धरून दाखवतो, म्हणून हे लिहितोय. माझी जी चूक झाली ती तुमची होऊ नये एवढंच, बाकी मी कोणी अभ्यासक वगैरे नाही.

आधी शब्दाचं बघू. स्क्रूबॉल हा बेसबॉलमधला शब्द, नेहमीचा चेंडू ज्या बाजूला वळतो त्याच्या बरोब्बर उलट बाजूला वळणारा, म्हणजे आपला गुगलीच समजा. १९३४ च्या ऑल-स्टार मॅचमध्ये कार्ल हबेलनं असे चेंडू टाकून बेब रूथ धरून पाच दिग्गज ओळीनं गारद केले होते, त्यामुळे तो शब्द तेव्हा लोकांच्या तोंडी होता आणि बोलीत त्याचा अर्थ चक्रम, तिरपागडा असाही व्हायचा. हे पिक्चर त्याच वर्षी सुरू झाले आणि साधारण १९४२ पर्यंत जोरात चालले, मग अमेरिका युद्धात गुंतली आणि ती हवाच गेली. काळ मंदीचा, १९३३ साली अमेरिकेत चारातला एक कामगार बेकार होता, आणि पडद्यावर मात्र फरकोट घातलेल्या श्रीमंत बायका वेड्यासारख्या वागतायत. लोक त्यांना हसायला यायचे, आणि हसताना थोडी असूयाही असणारच की.

आणि कथा? आपल्याकडे एका ओळीत आहे. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना.

पहिली पायरी: बसायची तयारी

मोबाइलवर बघू नका. खरंच. हे पिक्चर चेहऱ्याच्या क्लोजअपवर कमी आणि दोन माणसं एकाच फ्रेममध्ये उभी राहून काय करतात त्यावर जास्त चालतात, एकजण बोलतोय तेव्हा दुसऱ्याच्या भुवईचं काय चाललंय हे बघण्यात मजा आहे, आणि ती भुवई सहा इंचांत दिसत नाही. टीव्ही किंवा निदान लॅपटॉप.

सबटायटल लावाच, इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी, कारण बोलण्याचा स्पीड भयंकर आहे आणि आवाज नव्वद वर्षांपूर्वीचा. फक्त आपोआप तयार होणाऱ्या सबटायटलवर विसंबू नका, ती या स्पीडला पार गळपटतात आणि भलतंच काहीतरी लिहितात. 'माय मॅन गॉडफ्री' आणि 'हिज गर्ल फ्रायडे' यांचे अमेरिकेतले कॉपीराइट रिन्यू झाले नव्हते, त्यामुळे ते नेटवर फुकट सापडतात, पण बऱ्याच कॉप्या कॉपीच्या कॉपी असतात, चेहरे पिठासारखे पांढरे आणि आवाज डब्यातून आल्यासारखा. पाच मिनिटं बघून प्रिंट खराब वाटली तर सरळ दुसरी शोधा, खराब प्रिंटवर पिक्चरला नावं ठेवू नका (मी ठेवलीयत).

आणि एकट्यानं बघू नका. विनोद दोघातिघांत जास्त खुलतो हे तर आहेच, पण या पिक्चरांत दर दहा मिनिटांनी असं काहीतरी होतं की शेजारच्याला कोपर मारून "बघितलंस का" म्हणावंसं वाटतं. बहुतेक दीड-पावणेदोन तासांत संपतात, जेवणानंतर लावला तरी साडेअकराच्या आत झोपायला मोकळे.

दुसरी पायरी: सुरुवात 'इट हॅपन्ड वन नाइट'नेच

फ्रँक काप्राचा, १९३४. क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोलबेर. याला बेस्ट पिक्चर, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा अशी पाचही मोठी ऑस्कर मिळाली, असं तोपर्यंत कधीच झालं नव्हतं. कोलबेरला आपल्याला काही मिळेल असं वाटतच नव्हतं, ती गावाला निघाली होती आणि तिला स्टेशनवरून परत आणलं असं सांगतात.

मी हा मावशीबरोबर बघितला. मावशीचं वय सत्तरच्या पुढे, इंग्रजी जेमतेम, पण पिक्चर चालू झाल्यावर वीस मिनिटांत म्हणाली, "अरे, श्रीमंत बापाची पोरगी पळालीय, बसमध्ये पेपरवाला भेटलाय, हे तर चोरी चोरी!" बरोबर ओळखलं. राज कपूर-नर्गिसचा १९५६ चा 'चोरी चोरी' यावरूनच आलेला, आणि १९९१ चा 'दिल है के मानता नहीं' पण. मावशीचं पुढचं वाक्य, "मग यांनी आपल्यावरून घेतलं का?" म्हणून मी हा तुम्हाला आधी बघायला सांगतो, गोष्ट आपल्या ओळखीची आहे त्यामुळे गोष्टीत डोकं घालावं लागत नाही, माणसांकडे बघता येतं.

चादरीचा सीन सगळ्यांना माहीत असतो. पैसे संपत आलेत, पाऊस, दोघांना एकाच खोलीत राहायचंय आणि लग्न तर झालेलं नाही, मग गेबल दोन खाटांच्या मधून दोरी बांधतो आणि तिच्यावर चादर टाकतो, तिला बायबलमधली जेरिकोची भिंत म्हणतो. ही चादर हेज कोड नावाच्या सेन्सॉर नियमांमुळे आली असं सर्रास लिहिलेलं दिसतं, पण जरा थांबा, पिक्चर लागला फेब्रुवारीत आणि कोड १९३० पासून कागदावर असला तरी त्याचा कडक अंमल सुरू झाला १९३४ च्या मध्यावर. म्हणजे चादर आधी, कडक सेन्सॉर नंतर. पुढच्या लोकांना मात्र या चादरीचा फार उपयोग झाला, कारण आता शरीर दाखवायचंच नाही म्हटल्यावर सगळं बोलण्यातून, दारातून, चादरीतून दाखवणं आलं.

पण मला विचाराल तर चादरीपेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळचा सीन बघा. तो तिला डोनट कॉफीत कसा बुडवायचा ते शिकवतोय, फार वेळ नाही ठेवायचा वगैरे (आपल्याकडे पारलेजीचं जे शास्त्र आहे तेच), तेवढ्यात बापानं पाठवलेले डिटेक्टिव्ह दार ठोठावतात. एक शब्द न बोलता, काही न ठरवता दोघं नवरा-बायको होऊन कचाकचा भांडायला लागतात. तो तिचे केस विस्कटतो, ओरडतो, ती भोकाड पसरते, डिटेक्टिव्ह लाजून माफी मागून निघून जातात. दार लागतं. आणि मग दोघं एकमेकांकडे बघून हसतात. अख्ख्या पिक्चरमध्ये ते पहिल्यांदा एकमेकांवर खूश झालेत, आणि कशावर, तर खोटं भांडण इतकं छान जमलं यावर. हा क्षण तुम्हाला दिसला तर पुढचे सगळे पिक्चर तुम्हाला उघडतील, कारण सगळीकडे हेच आहे, कोण देखणं आणि कोण श्रीमंत हे बाजूला ठेवून कोणाबरोबर खेळ रंगतो एवढंच बघतात.

तिसरी पायरी: घटस्फोटवाले पिक्चर

यात 'द ऑफुल ट्रुथ', १९३७, लिओ मॅककेरी. नवरा-बायको एकमेकांवर संशय घेऊन कोर्टात जातात, घटस्फोट नव्वद दिवसांनी पक्का होणार, आणि ते नव्वद दिवस दोघं एकमेकांचं नवीन जमू देत नाहीत. कॅरी ग्रँट आणि आयरीन डन. कोर्टात भांडण कशावरून, तर कुत्रा कोणाकडे राहणार. जज म्हणतो दोघांनी हाका मारा, ज्याच्याकडे जाईल त्याचा. बाईनं हात ऊबदार ठेवायच्या त्या लोकरी नळकांड्यात कुत्र्याचं खेळणं लपवलेलं असतं, हळूच दाखवते, संपला विषय. तो सीन मावशीनं तीनदा मागे घेऊन बघितला आणि म्हणाली, "यांनी काडीमोड घेतलाय का खेळ मांडलाय?"

आता लग्न झालेली, मोडलेली आणि परत जुळणारी जोडपी इथे इतकी का? एक म्हणजे सेन्सॉर. आधीच नवरा-बायको असलेल्या दोघांना कितीही चावट बोलू दिलं तरी कोणी काय म्हणणार. स्टॅनली कॅव्हेल नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्रोफेसरनं १९८१ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलंय, त्यानं या प्रकाराला पुनर्विवाहाची कॉमेडी असं नाव दिलं. पण मला दुसरंच वाटतं, ओळख पटवण्यात वेळ जात नाही. या दोघांना एकमेकांच्या खोड्या आधीच पाठ आहेत, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून टोमणा कुठे लागेल हे माहीत असतं, आणि मुरलेल्या टोमण्याची चव वेगळीच असते हे ज्याच्या घरात आजी-आजोबा होते त्याला सांगायला नको.

मॅककेरीनं यात बरंच सेटवर आयत्या वेळी रचून घेतलं. कॅरी ग्रँट सुरुवातीला इतका वैतागला की पिक्चर सोडायला निघाला होता, आणि गंमत म्हणजे आज आपण ज्याला कॅरी ग्रँट म्हणतो, ते सूट-बूट घातलेलं रुबाबदार आणि तरीही खुर्चीवरून धडपडणारं ध्यान, ते खरं याच पिक्चरमध्ये तयार झालं. मॅककेरीला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं.

यातला तिसरा माणूस पण नीट बघा. राल्फ बेलामी, ओक्लाहोमाचा पैसेवाला, आईवेडा, सज्जन. स्क्रूबॉलमध्ये असा एक असतोच. वाईट अजिबात नसतो, फक्त त्याच्याबरोबर खेळता येत नाही. आपल्याकडे लग्नाच्या बाजारात हाच पहिल्या नंबरवर असता, तो भाग वेगळा.

चौथी पायरी: कान तयार करा

तोच बेलामी पुन्हा भेटतो 'हिज गर्ल फ्रायडे'मध्ये, १९४०, हॉवर्ड हॉक्स. मूळ १९२८ चं नाटक, त्यात संपादक आणि रिपोर्टर दोघं पुरुष. हॉक्सनं रिपोर्टरची बाई केली, वर तिला संपादकाची घटस्फोटित बायको केली, आणि एवढ्या एका बदलानं नोकरीचं भांडण आणि संसाराचं भांडण एकच होऊन गेलं. ती सांगायला आलीय की उद्या मी दुसरं लग्न करून चालले, तो तिला एक शेवटची बातमी करायला लावतोय, बास एवढंच.

यात सगळे एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. हॉक्सची युक्ती अशी की वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बिनकामाचे शब्द ठेवायचे, म्हणजे दुसऱ्यानं मधेच तोंड घातलं तरी मुद्दा ऐकू येतो. ही युक्ती कळल्यावर मला टेन्शन गेलं, कारण तोपर्यंत मी प्रत्येक शब्द पकडायला जायचो आणि दमायचो. पकडू नका. लग्नघरात स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिल्यावर जसं सहा बायका एकदम बोलत असतात आणि तरी तुम्हाला कळतं की श्रीखंड कमी पडलंय, तसं ऐका. पहिली दहा मिनिटं जड जातात, मग कान बसतो. रोझलिंड रसेल तर अशी बोलते की टेलिफोन हातात घेतला की त्या टेलिफोनची दया येते.

आणि मधे एक जोक आहे, संपादक कॅरी ग्रँट त्या होणाऱ्या नवऱ्याचं वर्णन सांगताना म्हणतो की तो पिक्चरमधल्या राल्फ बेलामीसारखा दिसतो. तो राल्फ बेलामीच असतो. 'ऑफुल ट्रुथ' आधी बघितला असेल तर तुम्ही खुर्चीतून पडाल, म्हणून तर हा क्रम.

एक सांगून ठेवतो, या पिक्चरमध्ये एका माणसाला सकाळी फाशी होणार असते आणि रिपोर्टर पत्ते खेळत असतात, विनोद बऱ्यापैकी काळा आहे. मावशीला तो आवडला नाही. मला खूप आवडला.

पाचवी पायरी: एकच सीन दोनदा बघा

प्रेस्टन स्टर्जेसचा 'द लेडी ईव्ह', १९४१. सगळ्यातून एकच निवड म्हणालात तर माझी ही. बार्बरा स्टॅनविक पत्त्यांत लुबाडणारी, बाप-लेक दोघं मिळून बोटीवर श्रीमंत लोकांना गंडवतात. हेन्री फोंडा दारूवाल्याचा वारस, वर्षभर ॲमेझॉनमध्ये साप शोधून परत येतोय, बायकांशी बोलायचं विसरलाय.

बोटीवरच्या जेवणाच्या हॉलमध्ये तो एकटा पुस्तक वाचत बसलाय आणि हॉलमधल्या सगळ्या पोरी त्याच्यावर टपल्यात. स्टॅनविक त्याच्याकडे पाठ करून बसलीय, हातात पावडरच्या डबीचा छोटा आरसा, आणि त्या आरशात बघत ती अख्ख्या हॉलची कॉमेंट्री करते. आता ही रुमाल टाकणार, आता ती उठणार, आता बघ कशी हसली, आणि हा येडा बघतच नाहीये. आपणही फोंडाला आणि त्या पोरींना तिच्या आरशातूनच बघतो, म्हणजे कॅमेराच जणू तिच्या हातात आहे. मग तो उठून जायला लागतो, तिच्या टेबलाशी येतो, आणि ती शांतपणे पाय पुढे करते. धप्प. वर त्यालाच झापते की माझ्या चपलेची टाच मोडलीस.

पहिल्यांदा हसण्यासाठी बघा. दुसऱ्यांदा फक्त हे बघा की सीन कोणाच्या ताब्यात आहे. तेव्हाच्या या पिक्चरांत बाई पुढे असते, ती ठरवते, ती डाव टाकते, पुरुष पुस्तकात डोकं घालून बसलेला असतो आणि त्याची पूर्ण दाणादाण उडते आणि त्यातच त्याचं भलं असतं. १९४१ मध्ये. यानंतरच्या कित्येक रोमँटिक कॉमेड्यांत हिरोइन फक्त वाट बघत बसते, ते आठवून वाईट वाटतं. फोंडा पुढे या पिक्चरमध्ये इतक्या वेळा पडतो, सोफ्यावरून, पडद्यासकट, की मावशी मोजायला लागली आणि मग हसण्यात आकडा विसरली.

सहावी पायरी: आता आणा तो बिबट्या

आता 'ब्रिंगिंग अप बेबी', १९३८, परत हॉक्स. आता तुमचा कान तयार झालाय, कॅरी ग्रँट ओळखीचा झालाय, आणि कॅथरिन हेपबर्न सारखी बोलत सुटते ते का, हेही कळेल, तिला तो आवडलाय आणि गप्प बसली तर तो निघून जाईल. हॉटेलातला सीन बघा, ती ऑलिव्ह उडवायचा प्रयोग करतेय, एक खाली पडतं, त्यावरून तो घसरतो. मग त्याचा कोट फाटतो. मग त्याचा पाय पडून तिच्या झग्याचा पाठीमागचा भागच निघून येतो आणि तिला पत्ताच नाही, ती त्याला झापतेय, तो आपली हॅट धरून तिची लाज झाकायला बघतोय, ती अजूनच चिडतेय. शेवटी कळल्यावर दोघं एकमेकांना चिकटून, पावलाला पाऊल लावून अख्ख्या हॉटेलातून बाहेर पडतात. तोपर्यंत एकमेकांशी न जमलेली दोन माणसं पहिल्यांदा एका तालात चालतात, आणि ती का, तर झगा फाटला म्हणून!

हा पिक्चर तेव्हा पडला होता. हेपबर्नला त्याच वर्षी थिएटरवाल्यांच्या संघटनेनं गल्ल्याला विष म्हणून जाहीर केलं, तिनं स्टुडिओशी करार संपवला, नाटकात गेली, आणि त्याच नाटकाचे हक्क हातात ठेवून 'द फिलाडेल्फिया स्टोरी'मधून १९४० मध्ये परत आली. म्हणजे मला पहिल्यांदा तो आवडला नाही यात मी एकटा नव्हतो, जरा बरं वाटलं.

जाता जाता, त्याच १९३८ साली आपल्याकडे अत्र्यांनी लिहिलेला आणि मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी' आला, शपथ घेऊन बसलेला ब्रह्मचारी आणि पोहण्याच्या पोशाखातल्या मीनाक्षी शिरोडकर. त्याला मी स्क्रूबॉल म्हणणार नाही, त्याला टोपी उडवायची होती ती वेगळ्या लोकांची, पण पुरुषाच्या शिस्तीचा बाईनं बोऱ्या वाजवायचा हे तिकडे आणि इकडे एकाच वर्षी चाललं होतं हे बघून मजा वाटते. दोन्ही लागोपाठ बघा, एखाद्या पावसाळी शनिवारी.

मधे कुठेतरी: खटकणार आहे ते

खटकेल. काळ्या लोकांना नोकर, हमाल एवढंच काम, आणि काही ठिकाणी त्यांच्यावर केलेले विनोद आज ऐकवत नाहीत, 'पाम बीच स्टोरी'मधला रेल्वेचा सीन तर मी पुढे ढकलतो. 'फिलाडेल्फिया स्टोरी' सुरूच होतो ते हिरोइन हीरोची गोल्फची काठी मोडते आणि तो तिच्या तोंडावर हात ठेवून तिला ढकलून पाडतो इथून, आणि ते विनोदी म्हणून दाखवलंय. मला तो पिक्चर म्हणूनच थोडा कमी आवडतो, त्यात सगळे मिळून हिरोइनला तू कशी चुकीची आहेस हेच सांगत बसतात. जेम्स स्टुअर्टला त्यासाठी ऑस्कर मिळालं, माझं मत तुम्ही मानायलाच पाहिजे असं नाही.

'माय मॅन गॉडफ्री', १९३६, हा मी मुद्दाम नंतर ठेवलाय. श्रीमंतांच्या पार्टीतला खेळ असा की टाकाऊ वस्तू शोधून आणायच्या, आणि यादीत एक "विसरलेला माणूस" पण आहे, म्हणजे नदीकाठच्या कचरापट्टीत राहणारा बेकार. कॅरोल लोम्बार्ड त्याला घेऊन जाते आणि मग घरी बटलर म्हणून ठेवते. हीरो विल्यम पॉवेल, खऱ्या आयुष्यात तिचा आधीचा नवरा, घटस्फोट १९३३ चा, आणि तरी सेटवर दोघांचं उत्तम जमायचं. हसता हसता मधेच घास अडकतो यात, म्हणून पहिल्या दिवशी नको. लोम्बार्ड १९४२ मध्ये विमान अपघातात गेली, अवघी तेहतीस वर्षांची, हे माहीत झाल्यावर तिचं ते उड्या मारणं वेगळंच दिसायला लागतं.

एवढे झाले की पीटर बोगदानोविचचा १९७२ चा 'व्हॉट्स अप, डॉक?' लावा, रंगीत आहे, बार्बरा स्ट्राइसँड आहे, आणि 'ब्रिंगिंग अप बेबी' बघितलेला असल्यामुळे त्यातलं दर तिसरं मिनिट ओळखीचं निघेल. आठवड्याला एक, त्याहून जास्त नको, सलग बघितले की सगळे एकाच आवाजात बोलायला लागतात. आमच्याकडे शुक्रवार ठरलाय. मागच्या शुक्रवारी लाइट गेली ती नेमकी 'ऑफुल ट्रुथ'च्या शेवटाला, तेच, दोन खोल्यांमधलं दार वाऱ्यानं सारखं उघडतंय आणि रात्रीचे बारा वाजत आलेत, आणि मावशी चौथ्यांदा बघत असूनही अंधारात म्हणाली, "अरे, त्याला सांग दार लावू नकोस म्हणून."